‘सॅटिव्हा’च्या भरवशावर: कोल्हापुरातील एका तरुणाचे प्रकरण

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि व्यवसायातील काही तपशील बदलले आहेत.

तक्रार

पंचविशीच्या आतबाहेरचा एक तरुण आई-वडिलांबरोबर बाह्यरुग्ण विभागात आला, तेव्हा त्याच्या फाइलमध्ये तीन ईसीजी, एक टू-डी इको आणि थायरॉइडच्या तपासणीचा अहवाल होता, आणि एका ईसीजीतील वाढलेली गती सोडली तर त्यांत दोष काढण्यासारखे काहीही नव्हते. छातीत एकाएकी धडधड सुरू होणे, श्वास अपुरा पडल्यासारखा वाटणे, आता आपण मरणार अशी खात्री होणे आणि दीड-दोन महिने झोपेची घडी पार विस्कटलेली असणे, या त्याच्या तक्रारी होत्या. हृदय ठणठणीत आहे असे सांगून हृदयरोगतज्ज्ञांनी त्याला मानसोपचाराकडे पाठवले होते, आणि या पाठवण्याचा राग वडिलांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

शिरोली एमआयडीसीत वडिलांची लहानशी फाउंड्री आहे. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर. पॅटर्नची संगणकावरील रेखाटने, रनर-रायझरची (साच्यात धातू नेणाऱ्या आणि आकुंचन भरून काढणाऱ्या वाटांची) मांडणी आणि ओतकामाचे सिम्युलेशन हे सगळे तो एकटा पाहतो. वडिलांचे म्हणणे थोडक्यात असे होते : “दारू नाही, मावा नाही, तालमीत वाढलेलं पोरगं आहे. याला डोक्याचा आजार कुठला?” आईने मात्र निघता निघता खालच्या आवाजात एक वाक्य टाकले, आणि पुढची सगळी चौकशी त्या वाक्याने फिरवली : “परवा म्हणत होता, कामगार माझ्यावर पाळत ठेवतात, कुणीतरी त्यांना पैसे दिल्यात.”

आई-वडिलांना बाहेर बसवून नेहमीचे प्रश्न विचारले. सिगारेट नाही, दारू कधीतरी लग्नात. गांजाविषयी विचारल्यावर तो न अडखळता म्हणाला, “वीड घेतो, पण सॅटिव्हा.” कबुलीपेक्षा खुलाशाचाच सूर त्यात अधिक होता. बाजारात गांजाचे ‘सॅटिव्हा’ आणि ‘इंडिका’ असे दोन प्रकार सांगितले जातात. त्याच्या मते गांजाने जे काही वाईट होते ते ‘इंडिका’ने किंवा रस्त्यावरच्या बियांच्या गावठी मालाने होते. सॅटिव्हा ही दिवसा घ्यायची, डोके चालवणारी, कामाला लावणारी गोष्ट असल्याने तिचा या धडधडीशी संबंध असणे त्याला शक्य वाटत नव्हते. हृदयरोगतज्ज्ञांना त्याने हे सांगितलेच नव्हते. लपवायचे होते म्हणून नव्हे, तर ते सांगण्याजोगे आहे असेच त्याला वाटले नव्हते.

पाकीट

पुढच्या भेटीत त्याने रिकामे पाकीट आणले. चकचकीत, झिप लावलेली, तळहाताएवढी पिशवी. तिच्यावर ‘जॅक हेरर’ हे नाव, ‘सॅटिव्हा-प्रधान ७०/३०’, ‘टीएचसी (गांजातील नशा आणणारे द्रव्य) २४%’ आणि खाली उत्साह, एकाग्रता व सर्जनशीलता यांचे आश्वासन देणारे तीन इंग्रजी शब्द. बॅच क्रमांक, तारीख किंवा प्रयोगशाळेचे नाव यांपैकी काहीही नव्हते. टेलिग्रामवरून पुण्याच्या एका माणसाकडून मागवलेला हा माल बँकॉकहून आल्याचे त्याला सांगण्यात आले होते. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि जून २०२५ मध्ये तो पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरता मर्यादित केला. मधल्या काळात तिथे बंद खोल्यांत वाढवलेली फुले आपल्या विमानतळांवर सीमाशुल्क विभागाने वारंवार पकडली, त्यामुळे विक्रेत्याची कथा अगदीच अशक्य नव्हती. परंतु अशी छापील पाकिटे कुणालाही किलोने विकत मिळतात, तेव्हा आतल्या मालाची साक्ष पाकिटाकडून घेण्यात अर्थ नाही.

तरीही त्या नावामागे एक खरा वाण आहे. अमेरिकेत गांजा कायदेशीर व्हावा यासाठी झगडलेल्या एका कार्यकर्त्याचे नाव त्याला दिलेले असून १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये तो तयार झाला. त्याच्या वंशावळीत ‘हेझ’ नावाचे १९७०च्या दशकातील कॅलिफोर्नियाचे घराणे येते, आणि हेझच्या पूर्वजांत मेक्सिको, कोलंबिया व थायलंडबरोबर दक्षिण भारतातील झाडेही होती, असे पैदासकारांमध्ये सांगितले जाते. या गटातील झाडे उंच वाढतात, दोन पेरांतील अंतर जास्त असते, पानांच्या पाकळ्या अरुंद असतात आणि फुलांचे तुरे विरळ, हलके असतात. वर्षभर दिवस-रात्र जवळजवळ सारखी असणाऱ्या उष्ण प्रदेशांत ती घडली असल्यामुळे त्यांना फुलून पक्व व्हायला १० ते १४ आठवडे लागतात. हिंदुकुशच्या बाजूची बुटकी, रुंद पानांची झाडे मात्र ७ ते ९ आठवड्यांत आटोपतात. व्यापाराच्या दृष्टीने हा मोठा फरक आहे आणि आज बाजारात दिसणारे बहुतेक सगळे वाण संकरित असण्याचे एक कारणही हेच, कारण खोलीतल्या दिव्यांचे बिल भरणाऱ्याला चौदा आठवडे थांबणे परवडत नाही.

वर्गीकरणाचा इतिहास इथे थोडा सांगावा लागतो, कारण रुग्णाचा सगळा भरवसा त्यावर उभा होता. लिनियसने १७५३ साली युरोपातील धाग्या-दोऱ्यासाठी लावल्या जाणाऱ्या भांगेला ‘सॅटिव्हा’ म्हटले. लामार्कने १७८५ साली भारतातून आलेल्या, नशा आणणाऱ्या झाडाला ‘इंडिका’ हे वेगळे नाव दिले. म्हणजे मूळ शास्त्रीय अर्थाने आपल्याकडचा अरुंद पानांचा गांजा हाच इंडिका. आजच्या बाजाराने मात्र अफगाणी रुंद पानांच्या झाडाला इंडिका ठरवले आणि भारतीय अरुंद पानांच्या झाडाला सॅटिव्हाच्या रांगेत बसवले. ज्या ‘गावठी’ मालाला हा तरुण नाक मुरडत होता, तो बाजाराच्या आजच्या भाषेत बहुधा सॅटिव्हाच ठरला असता.

झाडाची ठेवण आणि माणसावरचा परिणाम यांची सांगड किती घट्ट आहे, हा खरा प्रश्न. २०१५ साली कॅनडातील संशोधकांनी गांजाचे ८१ आणि धाग्यासाठी लावल्या जाणाऱ्या भांगेचे ४३ नमुने जनुकीय पातळीवर तपासले, तेव्हा विक्रेत्यांनी सांगितलेले सॅटिव्हा-इंडिकाचे प्रमाण आणि प्रत्यक्ष वंश यांचा मेळ फारच कच्चा निघाला. २०२१ साली झालेल्या दुसऱ्या अभ्यासात या दोन लेबलांचा संबंध मुख्यतः वासाच्या मोजक्या तैलद्रव्यांशी, म्हणजे टर्पीनांशी दिसला. मातीसारखा वास देणारे मिर्सीन इंडिका म्हणवणाऱ्या नमुन्यांत अधिक होते. २०२२ साली अमेरिकेतील सहा राज्यांच्या सुमारे ९०,००० नमुन्यांच्या रासायनिक विश्लेषणातूनही लेबले आतल्या द्रव्यांशी जुळत नसल्याचेच पुढे आले. तात्पर्य, सॅटिव्हा म्हणून घेतलेल्या पाकिटाने वासाचा अंदाज थोडाफार येऊ शकतो. नशा किती चढेल हे ठरवणारे टीएचसी, आणि ती कशी चढेल हे ठरवणारा घेणाऱ्याचा मेंदू, या दोहोंविषयी लेबल काहीच सांगत नाही.

वासाबद्दल रुग्ण फार बारकाईने बोलला. पाकीट उघडले की कैरीचा देठ मोडल्यावर येतो तसा उग्र, चिकाळ वास येई आणि मागून लिंबाच्या सालीचा. हेझ घराण्यातील अनेक वाणांत, जॅक हेररमध्येही, टर्पिनोलिन हे तैलद्रव्य प्रमुख असते आणि त्याला पाइन-लिंबाकडे झुकणारा ताजा वास असतो. तेव्हा पाकिटातला माल त्या घराण्याच्या जवळपासचा असू शकेल. वासावरून याहून पुढे जाणे धाडसाचे होईल.

मात्रा

तो रोज संध्याकाळी साधारण अर्धा ग्रॅम फूल ग्राइंडरमध्ये बारीक करून दोन जॉइंटमध्ये संपवत असे. पाकिटावरचा आकडा खरा मानला तर अर्ध्या ग्रॅममध्ये १२० मिलिग्रॅम टीएचसी भरते. जळण्यात आणि हवेत जाणाऱ्या धुरात त्यातले बरेचसे वाया जाते. ओढलेल्या धुरातून रक्तात उतरणारा वाटा साधारण १० ते ३५ टक्के धरला जातो, म्हणजे १२ ते ४२ मिलिग्रॅम. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०२१ साली संशोधनासाठी टीएचसीचे प्रमाण एकक ५ मिलिग्रॅम ठरवले. त्या हिशेबाने हा मुलगा दर संध्याकाळी चोवीस एकके पेटवत होता. हे गणित कागदावर मांडून दाखवल्यावर तो प्रथमच गप्प झाला. इंजिनिअर माणसाला उपदेशापेक्षा आकडेमोड लवकर पटते, असा माझा अनुभव आहे.

जुन्या आणि नव्या मालातील अंतरही याच हिशेबात येते. अमेरिकेत पकडलेल्या गांजातील टीएचसीची सरासरी १९९५ साली सुमारे ४ टक्के होती, ती २०१४ पर्यंत सुमारे १२ टक्क्यांवर गेली. चिलीम ओढणाऱ्या बैराग्यांचे उदाहरण देऊन ‘आपल्याकडे पूर्वापार चालतंय’ असे सांगणाऱ्यांनी एवढा फरक तरी विचारात घ्यावा. त्या जुन्या मालात बिया, काड्या, पाने असत आणि खोलीतल्या दिव्याखाली निवडून पोसलेले बिनबियांचे फूल त्यात नसे.

परिणाम, रुग्णाच्या शब्दांत आणि वहीत

भट्टीतल्या धातूची शेवटची खेप (हीट) ओतून झाली आणि कामगार पांगले की तो वरच्या मजल्यावरील केबिनमध्ये बसे. पहिल्या पाच-दहा मिनिटांत तोंड कोरडे पडे, डोळे लाल होत आणि नाडी वाढे. ही वाढ त्याला आवडत असे, कारण तो तिला ‘इंजिन गरम होणं’ म्हणत असे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने टीएचसीमुळे हृदयाची गती २० ते ५० टक्क्यांनी वाढणे हा ठाऊक असलेला परिणाम आहे, आणि तो कोणत्याही लेबलाच्या गांजात दिसतो. त्यानंतर अर्ध्या तासात विचारांचा ओघ सुरू होई. एका कल्पनेतून दुसरी फुटे, वेळ लांबल्यासारखा वाटे, पडद्यावरचे रेखाटन ‘जिवंत’ दिसू लागे. दोन-तीन तासांनी ओघ ओसरे, मग दुसरा जॉइंट. झोपायला पहाटेचे तीन वाजत.

अशा रात्रींत लिहिलेली वही त्याने मागितल्यावर दिली. सुरुवातीच्या पानावर एका पंपाच्या केसिंगची आकृती आहे. जाड भागाजवळचा इनगेट (धातू साच्यात शिरण्याचे तोंड) हलवून रायझर दुसरीकडे घेतला आहे आणि बाजूला आकुंचनाचे छोटे गणित आहे. हा बदल वडिलांनी प्रत्यक्षात करून पाहिला आणि त्या कास्टिंगमधील श्रिंकेजची (आकुंचनाने पडणाऱ्या पोकळीची) तक्रार कमी झाली. ही कल्पना खरोखर चांगली होती आणि ती नाकारण्यात काही शहाणपण नाही. पण पुढची पाने पाहत गेले की आकृत्या विरळ होतात, बाण वाढतात, गणित नाहीसे होते. एका पानावर मोठ्या अक्षरांत ‘रनर = पंचगंगा, गेट = घाट’ एवढेच आहे आणि त्याखाली तीनदा रेघ ओढली आहे. त्या रात्री हे वाक्य सुचल्यावर डोळ्यांत पाणी आले होते, असे त्याने सांगितले. आता त्याचा अर्थ विचारल्यावर तो हसला.

नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नियमित गांजा घेणाऱ्यांना ५.५ किंवा २२ मिलिग्रॅम टीएचसीची वाफ देऊन नव्या कल्पना सुचण्याची चाचणी घेतली गेली. लहान मात्रेने कल्पकता वाढली नाही आणि मोठ्या मात्रेने ती घटली. वहीतला प्रवास याच दिशेचा आहे. पहिल्या पानावरचे डोके त्याचे स्वतःचे होते. त्या वेळी तो आठवड्यातून एखाद्या रात्रीच घेत असे आणि पुरेसा झोपत असे.

पावसाळ्यात ऑर्डर वाढल्या तसे घेणे रोजचे झाले. तेवढ्याच परिणामासाठी एकाचे दोन जॉइंट लागू लागले. झोप चार तासांवर आली. तो याला निद्रानाश म्हणत नव्हता, काम म्हणत होता, आणि घरचेही मुलगा कामाला लागला म्हणून समाधानात होते.

मग रंकाळ्यावरची संध्याकाळ आली. पुण्याहून आलेल्या मित्राबरोबर त्याने तोच माल गाडीत ओढला आणि दोघे भेळ घेऊन काठावर बसले. पंधरा-वीस मिनिटांत छातीतली धडधड कानात ऐकू येऊ लागली, हातपाय गार पडले, समोरून जाणारे लोक आपल्याकडेच पाहून बोलत आहेत असे वाटू लागले. मित्र म्हणत राहिला, “काय नाही रे भावा, सॅटिव्हा हाय, हलकं असतंय, पाणी पी.” शेवटी रिक्षा करून दवाखाना गाठला. तिथल्या ईसीजीत गती मिनिटाला १३८ होती, ठेका नियमित होता. काही तासांत गती खाली आली, भीती मात्र उतरली नाही. पुढच्या आठवड्यात चौकातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे तोंड आपल्याकडे वळते, मोल्डिंगवरचे कामगार आपण आलो की विषय बदलतात, असे त्याला ठामपणे वाटू लागले. आणि भीती घालवण्यासाठी तो पुन्हा तेच ओढत राहिला, कारण पाकिटावर ‘उत्साह’ लिहिले होते.

एकाच जॉइंटचे दोन परिणाम

मित्राला काहीच झाले नाही, हा रुग्णाचा सगळ्यात जोरकस युक्तिवाद होता. त्याचे उत्तर थोडे लांबते. टीएचसी मेंदूतील सीबी-१ या ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटते. आपले शरीर स्वतःच तयार करत असलेल्या अशाच द्रव्यांनी एरवी ते ग्राहक हळुवारपणे, गरजेपुरते चालवले जातात. बाहेरून आलेले टीएचसी ते सरसकट आणि दीर्घकाळ दाबून धरते. भीतीची दखल घेणाऱ्या भागांत हे ग्राहक दाट आहेत. थोडी मात्रा तिथला ताण सैल करते, जास्त मात्रा उलट वागते. २०१७ साली शिकागोत झालेल्या एका प्रयोगात ४२ निरोगी स्वयंसेवकांना बनावट मुलाखतीच्या ताणाला सामोरे जायला लावले, ७.५ मिलिग्रॅम टीएचसीची कॅप्सूल घेतलेल्यांचा ताण कमी झाला, तर १२.५ मिलिग्रॅम घेतलेल्यांचा वाढला. कॅप्सूलमधले आणि धुरातले मिलिग्रॅम एकास एक ताडून पाहता येत नाहीत, पण उपकाराची आणि अपकाराची मात्रा किती जवळजवळ आहे हे त्यातून दिसते.

मात्रेशिवाय आणखी तीन गोष्टी इथे होत्या. अपुऱ्या झोपेने मेंदू आधीच ताणलेला होता. मालात कॅनाबिडिओल, म्हणजे नशा न आणणारे सीबीडी, जवळजवळ नसावे, कारण या प्रकारच्या बाजारी वाणांत ते बहुधा नाममात्रच असते. तिसरी गोष्ट आईने दुसऱ्या भेटीत सांगितली. तिचा धाकटा भाऊ विशीत ‘बिघडला’ होता. लोक आपल्याविरुद्ध कट करतात असे तो म्हणे, घरच्यांनी देवाचे आहे असे समजून गाणगापूरला नेले, नंतर मिरजेत शॉकही दिले गेले. ही गोष्ट सासरी कुणालाच माहीत नव्हती आणि ती सांगताना त्या दोनदा दाराकडे पाहत होत्या. मुलाच्या मामाला बहुधा स्किझोफ्रेनिया असावा, आणि या एका माहितीने प्रकरणाचे गांभीर्य बदलले.

युरोप आणि ब्राझीलमधील ११ ठिकाणांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० टक्के किंवा अधिक टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिस (वास्तवाचे भान सुटून भ्रम-संशय येण्याचा आजार) होण्याची शक्यता कधीही न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट आढळली. त्या अभ्यासात जोखीम ताकदीवर आणि वारंवारतेवर मोजली आहे. सॅटिव्हा की इंडिका हा प्रश्न तिथे आलेलाच नाही.

निदान

लघवीच्या तपासणीत टीएचसीचे अवशेष अपेक्षेप्रमाणे सापडले. रोज घेणाऱ्यांत ते कित्येक आठवडे टिकतात, त्यामुळे त्यावरून शेवटचे सेवन केव्हा झाले हे ठरवता येत नाही. थायरॉइड आधीच तपासलेले होते. कृत्रिम रसायन फवारलेला माल असण्याची शक्यता नेहमीच्या पट्टीने पकडता येत नाही, ती मनात ठेवून पुढे जावे लागले. सर्वांत जास्त वेळ उन्मादाचा (मेनियाचा) विचार करण्यात गेला : कमी झोप, कल्पनांचा पूर, कामाचा झपाटा ही चित्रे बाहेरून सारखीच दिसतात. परंतु उन्मादातला माणूस चार तास झोपूनही ताजातवाना असतो. हा मुलगा दमलेला होता, दुपारी सिम्युलेशन चालू असताना डुलक्या घेत होता, उधळपट्टी किंवा मोठेपणाच्या कल्पना नव्हत्या आणि झपाटा फक्त जॉइंटनंतरच्या दोन-तीन तासांपुरता होता. गांजाच्या अवलंबित्वासह गांजाजन्य सायकोसिस, सोबत पॅनिकचे झटके, असे तात्पुरते निदान केले. तात्पुरते अशासाठी की पदार्थ थांबल्यावर संशय किती दिवसांत ओसरतो हे पाहिल्याशिवाय ते पक्के करता येत नाही.

उपचार

वडिलांची पहिली मागणी ‘व्यसनमुक्ती केंद्रात टाका’ अशी होती आणि पहिली भीती पोलिसांची. दोन्हींवर सविस्तर बोलावे लागले. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात फुलांचे तुरे म्हणजे गांजा, आणि नुसते बाळगणे वा ओढणे हाही गुन्हा आहे; एक किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ गणले जाते आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद आहे, आणि २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले आहे. हे ऐकल्यावर वडील खुर्चीत जरा मागे टेकले. दाखल करण्याची गरज नव्हती : मुलगा खात-पीत होता, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा विचार नव्हता आणि घरात लक्ष ठेवायला माणसे होती.

गांजा एकदम बंद केला. संशय-भ्रमावरील औषध ओलान्झापिन याची लहान मात्रा रात्री सुरू केली, त्याने झोपही साधली. पहिल्या काही रात्रींसाठी क्लोनाझेपाम हे घाबरेपणा शमवणारे औषध दिले आणि ते मुद्दाम लवकर काढून घेतले. दुसऱ्या दिवसापासून चिडचिड, घाम, भूक मंदावणे, विचित्र स्पष्ट स्वप्ने सुरू झाली. गांजा सोडल्यावर असे होते हे कुटुंबाला आधी सांगून ठेवलेले असल्याने ‘औषध लागू पडेना’ म्हणून धावपळ झाली नाही. ही लक्षणे पहिल्या आठवड्यात जोरात असतात आणि दोन-तीन आठवड्यांत विरतात, तशीच ती विरली.

औषधांइतकेच काम केबिनच्या किल्लीने केले. संध्याकाळी सातनंतर वरचा मजला बंद, किल्ली वडिलांकडे, संगणकाचे काम सकाळच्या पाळीत. हा उपाय आईचा. त्याला जुन्या तालमीत जायला सांगण्याचा आग्रह वडिलांचा होता आणि तो मी थोडा लांबवला, कारण नाडी वाढली की झटका येणार या भीतीने तो जिनाही हळू चढत होता. समुपदेशनात आधी ती भीती घेतली. दवाखान्याच्या जिन्यावरून वर-खाली करून नाडी मोजायची, ती वाढल्याचे वहीत लिहायचे, पाच मिनिटांनी पुन्हा मोजायची. धडधड येते आणि जाते हे स्वतःच्याच आकड्यांत दिसल्यावर मग आखाडा सुरू झाला.

कॅमेऱ्यांविषयीचा संशय दुसऱ्या आठवड्यात डळमळला आणि चौथ्या आठवड्यात गेला. कामगारांविषयीचा अवघडलेपणा अधिक चिवट होता. त्याच्या अनुपस्थितीत त्याच्याविषयी खरोखरच कुजबूज झालेली होती, तेव्हा तो सगळाच भ्रम म्हणून बाजूला सारता येत नव्हता. जुन्या मोल्डरने एक दिवस चहा घेताना “दादा, आम्हाला वाटलं तुम्हाला कावीळ झाली” असे सांगितले तेव्हा तो प्रश्न बराचसा मिटला.

पुढचा प्रश्न

संशय एका महिन्यात ओसरल्याने गांजाजन्य हे निदान टिकले, पण त्यावर निर्धास्त होता येत नाही. डेन्मार्कमधील १९९४ ते २०१४ या काळातील नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात गांजाजन्य सायकोसिस झालेल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना पुढे स्किझोफ्रेनियाच्या गटातील किंवा द्विध्रुवीय आजार झाल्याचे दिसले. तिथे रुग्णालयापर्यंत पोहोचलेले, म्हणजे तीव्र रुग्ण मोजलेले आहेत. तरी मामाचा इतिहास पाहता हा आकडा कुटुंबापासून लपवला नाही. ओलान्झापिन काही महिने चालू ठेवून हळूहळू कमी करत थांबवले, आणि तपासणीच्या भेटी दोन वर्षे सुरू ठेवायच्या असे ठरले. झोप सलग दोन-तीन रात्री बिघडली किंवा संशय डोकावला तर तारखेची वाट न पाहता यायचे, आणि रात्री-अपरात्री १४४१६ या टेलि-मानसच्या (मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या) क्रमांकावर बोलायचे, हे आईने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले आहे.

औषध थांबवताना त्याने विचारले की सॅटिव्हा नको तर इंडिका, ती नको तर सीबीडीचे तेल, निदान महाशिवरात्रीची भांग तरी चालेल का. इंडिकाच्या पाकिटातही टीएचसी तेवढेच असते, म्हणून नाही. भांग पोटातून जाते, चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, काही जाणवेना म्हणून माणूस दुसरा पेला घेतो आणि मग सहा-आठ तास सुटका नसते, म्हणून तीही नाही. विजया (भांगेचे आयुर्वेदातील नाव) या नावाने चिठ्ठीवर मिळणाऱ्या तेलांपैकी काहींत टीएचसी असते, म्हणून ते विचारल्याशिवाय नाही. तालमीतली बदाम-खसखशीची थंडाई चालेल, असे सांगितल्यावर त्याने ती कधी आवडली नाही म्हणून तोंड वाकडे केले.

त्याची धाकटी बहीण पुण्यात शिकते. मामाच्या आजाराचा वारसा तिच्याकडेही तेवढाच येतो आणि तिच्या वसतिगृहातही तीच पाकिटे पोहोचतात. तिला मामाविषयी सांगायला आई तयार नव्हत्या. सासरी कळेल, तिच्या लग्नात अडचण येईल, ही त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. शेवटी भावानेच तिला सुट्टीत घरी आल्यावर सगळे सांगितले, मामाचे आणि स्वतःचेही, आणि पुढच्या तपासणीला ती त्याच्याबरोबर स्वतःचे प्रश्न घेऊन आली.